मुंबईच्या हवेत मोटरसायकलचं क्रोम कसं सांभाळायचं

पाडव्याच्या आधीच्या दोन रविवारी गिरगावातल्या आमच्या चाळीच्या अंगणात बादल्यांची रांग लागते. शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट काढायची तर नथीइतकाच सायलेन्सरही झळकायला हवा, अशी इथली रीत. दरवर्षी दोन-चार नव्या मुली घरातली जुनी गाडी किंवा हप्त्यावर घेतलेली नवी गाडी घेऊन येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो: "ताई, कशाने घासू?"

घासू नकोस, आधी धू, असं म्हटलं की चेहरा पडतो. पण मी हे पुस्तकातून शिकलेले नाही. बाबांची बुलेट माझ्या ताब्यात आली त्या वर्षी सायलेन्सरवर तपकिरी ठिपके होते. मोरीत फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली होती. फडक्यावर घेऊन दोनदा फिरवलं आणि ठिपके गायब! मी खूश. वाळल्यावर पाहते तर सायलेन्सरची ती आरशासारखी निळसर झाक गेलेली, सगळा भाग पिवळट दिसतोय. नाक्यावरचा मेकॅनिक बघून हसला. म्हणाला, "ताई, गंजाबरोबर क्रोमपण धुतलंत. हे दिसतंय ते निकल." जून उजाडला आणि जुलैपर्यंत तिथे आधीच्या दुप्पट गंज होता.

आधी क्रोम म्हणजे काय ते बघू

लोखंडी पाइपवर किंवा पत्र्यावर आधी निकलचा थर चढवतात, कधी त्याच्याही खाली तांब्याचा. निकलचा थर साधारण दहा ते तीस मायक्रॉनचा असतो. त्यावर सर्वांत शेवटी क्रोमियमचा, जेमतेम पाव ते अर्ध्या मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस ढोबळमानाने सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर क्रोम त्याच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. खरी गुळगुळीत चमक निकलने दिलेली असते. वरचं क्रोम तिला निळसर थंड रंग देतं आणि निकलला काळं पडू देत नाही.

क्रोमियम फार कठीण धातू. पण इतक्या पातळ थरात सूक्ष्म भेगा आणि छिद्रं असतातच. त्यांतून पाणी आत झिरपतं, निकलमध्ये कुठे छिद्र असेल तर त्यातून लोखंडापर्यंत पोचतं, आणि लोखंड गंजतं. तुम्हाला क्रोमवर दिसणारा गंज क्रोमचा नसतोच, खालून वर आलेला असतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगतो आणि वरचा मुलामा पापुद्र्यासारखा उचलतो. पोपडे सुटतात ते असे.

म्हणजे क्रोम चमकवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, चमक कारखान्यातूनच आलेली आहे. तिच्यावर बसलेला मळ काढायचा आणि छिद्रांत पाणी शिरू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

मुंबईचं मीठ

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. भरतीला मरीन ड्राइव्हवर किंवा वरळी सी-फेसला लाटा कठड्यावर आपटतात तेव्हा उडणारा बारीक फवारा वाऱ्यावर बराच आत येतो. गाडी समुद्राकडे तोंड करून उभी नसली तरी तिच्यावर मीठ बसतं.

आता स्वयंपाकघरातली गोष्ट आठवा. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणावते, म्हणून आपण तिच्यात तांदळाचे दाणे टाकतो. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागतं. मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे तुमच्या लेग गार्डवर बसलेलं मीठ पाऊस पडत नसतानाही ओलंच राहतं. छपराखाली उभी असलेली गाडी का गंजते, याचं उत्तर त्या बरणीत आहे.

हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ते नुसतं पावसाचं पाणी नव्हतं हे सांगायला नको. त्या रात्री कितीही दमलेले असा, दोन तांबे स्वच्छ पाणी चाकांवर, मडगार्डच्या आत आणि सायलेन्सरवर ओतूनच वर जा.

जे चमकतं ते सगळं क्रोम नसतं

नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. चुंबक घ्या, फ्रिजच्या दारावरचा चालेल. फडक्यात गुंडाळून भागाला लावा. घट्ट चिकटला तर बहुधा लोखंडावरचं क्रोम. सायलेन्सर, हँडल, लेग गार्ड, साडी गार्ड, जुन्या गाड्यांचे स्पोकवाले रिम, यामाहाच्या जुन्या आरएक्स हंड्रेडचे मडगार्ड, हे सगळे यात आले.

चिकटला नाही तर थांबा. बोटाने टिचकी मारा. पोकळ, हलका आवाज आला आणि हाताला गार लागलं नाही, तर ते प्लॅस्टिक आहे. त्यावर धातूचा अतिशय पातळ थर आणि वरून पारदर्शक लॅकर असतं. इंडिकेटरची किनार, काही गाड्यांची हेडलाइटची रिंग, मीटरच्या कडा अशा असतात. त्याला पॉलिश लावलं की लॅकर धूसर होतं, परत काही होत नाही. साबण-पाणी आणि मऊ फडकं, बस.

गार लागलं पण चुंबक धरत नाही, असं बुलेटच्या इंजिनची झाकणं करतात. ते अ‍ॅल्युमिनियम. घासलं की फडकं काळंकुट्ट होतं आणि नवखा म्हणतो, बघा किती मळ निघाला! तो मळ नव्हे, धातूच निघतोय. अ‍ॅल्युमिनियमला चालतं ते, त्याचं पॉलिशच तसं असतं. पण झाकणावर लॅकर असेल तर तेही चालत नाही. स्टेनलेस स्टीललाही चुंबक बहुधा फारसा धरत नाही, आणि ते तसं सोशिक आहे.

पुढच्या शॉकअपचे चकचकीत पाइप हा प्रकार मात्र पूर्ण वेगळा. तिथे हार्ड क्रोम असतं, बरंच जाड, थेट लोखंडावर. ते शोभेचं नाही, कामाचं आहे. त्यावरून ऑइल सील, म्हणजे आतलं ऑइल अडवणारं रबरी कडं, वर-खाली सरकतं. तिथे पॉलिश पेपर, स्क्रबर, काहीही घासू नका. एक बारीकसा ओरखडासुद्धा सील कापतो, मग ऑइल गळून पुढच्या ब्रेकवर उतरतं. स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा. पाइपवर गंजाचा टोचा दिसला तर मेकॅनिककडे न्या.

काय घ्यायचं, काय माळ्यावर ठेवायचं

दोन बादल्या, गाड्यांसाठीचा सौम्य शाम्पू, तीन-चार मायक्रोफायबरची फडकी, जुना टूथब्रश, घरात पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल, क्रोमसाठीच असलेलं पॉलिश आणि मेण. रबरी हातमोजे. झालं. मायक्रोफायबर नसेल तर धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर किंवा आजीची सुती साडी उत्तम, फक्त जरीचा काठ आधी कापून टाका. टी-शर्ट वापरत असाल तर शिवणी आणि बटणं काढा.

आता नको ते. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर: त्यात कठीण कण असतात, मुलाम्यावर बारीक चरे पडतात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. नारळाचा काथ्या, राख, कपड्यांची पावडर: नको. तांब्या-पितळेला चिंच, लिंबू, पितांबरी छान, देवघरातल्या समईला जरूर लावा, पण गाडीच्या क्रोमला नाही. टॉयलेट किंवा फरशी साफ करायचं अ‍ॅसिड: कधीच नाही. त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्रोमियम अक्षरशः विरघळवतं. मुलामा देणारे कारागीर जुनं क्रोम उतरवायलाही हेच अ‍ॅसिड वापरतात, यावरून समजा. आणि अ‍ॅसिडचा डाग काढायला वर ब्लीच ओतणारे महाभागही पाहिलेत. त्या दोघांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. चाळीच्या बंद मोरीत हा प्रयोग जिवावर बेतेल.

हत्यारं आणि हार्डवेअरसाठी नागदेवी स्ट्रीट, गाडीच्या सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. फॉइल मात्र कोपऱ्यावरच्या वाण्याकडेच मिळते.

सुरुवात करण्याआधी

गाडी सपाट जागी, सावलीत, डबल स्टँडवर. किल्ली काढून खिशात. सायलेन्सर पूर्ण थंड हवा: चालवून आणली असेल तर निदान अर्धा तास, लांबून आली असेल तर तासभर. पाण्याचा थेंब टाकून बघा, चर्रर्र झालं तर चहा घेऊन या. तापलेल्या क्रोमवर पाणी टाकलं की ते लगेच उडतं आणि क्षारांचे पांढरे डाग तिथेच भाजून बसतात. हात भाजतो तो वेगळाच.

एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगते. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, मागचं चाक फिरवत स्पोक पुसायचे नाहीत. वेळ वाचतो असं वाटतं. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये फडकं अडकलं की पाठोपाठ बोटं जातात. चाक हाताने फिरवा, चेनपासून फडकं लांब ठेवा. नऊवारीचा पदर, ओढणी, सैल बाह्या खोचून घ्या.

धुण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात प्लॅस्टिकची पिशवी कोंबतात ती चांगली सवय आहे, पण तिचा एक कोपरा बाहेर लोंबता ठेवा, म्हणजे काढायची आठवण राहील. आमच्या चाळीतल्या एका पोराने ती न काढताच अर्धा तास किका मारल्या होत्या.

धुणं

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं शाम्पूत बुडवा, पुसा, साध्या पाण्यात झटका, मग परत शाम्पूत. दुसरी बादली थोड्याच वेळात गढूळ होते. ती रेती एरवी फडक्यातून परत क्रोमवर गेली असती, आणि क्रोमवरचे बहुतेक चरे याच रेतीने पडतात. मे महिन्यात पाणीकपात असताना नळी सोडून धुणं शोभतही नाही. दोन बादल्यांत गाडी नीट होते.

पुसण्याआधी वरून तांब्याने पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्या. मग वरून खाली या: हँडल, हेडलाइटची रिंग, आरसे, लेग गार्ड, सायलेन्सर, शेवटी रिम. रिमचं फडकं वेगळं ठेवा. त्यात ब्रेकची काळी भुकटी असते.

मडगार्डवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि तो बाहेरून नाही, आतून. मडगार्डची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते. त्या पन्हळीत चिखल साचतो, वाळतो, पुन्हा भिजतो. आत हात घालून बघा, वर्षभराची मुंबई हाताला लागेल. हा चिखल मिठाचं पाणी धरून ठेवतो आणि मडगार्ड आतून बाहेर असा कुजतो. बाहेरच्या क्रोमवर एक फोड दिसते तेव्हा आतला पत्रा निम्मा खाल्लेला असतो. टूथब्रश, लाकडी काडी, भरपूर पाणी घेऊन तो चिखल पूर्ण काढा. नीट वाळल्यावर आतून ग्रीसचा पातळ हात किंवा अंडरकोट, म्हणजे गंज रोखणारा लेप, मारा. बाहेरची चमक सगळे पाहतात, आरएक्सवाले मात्र एकमेकांच्या मडगार्डखाली वाकून बघतात.

स्पोकची मुळं जिथे रिममध्ये जातात तिथे आणि लेग गार्डच्या क्लॅम्पखाली टूथब्रश. नळीचा जोरदार झोत बेअरिंगवर, स्विचवर आणि हँडलच्या डोक्यावर मारू नका. वॉशिंग सेंटरवाल्यालाही तसं सांगा, तो नाराज होईल, होऊ द्या.

बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, त्याचे पांढरे ठिपके राहतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडक्यावर, त्या ठिपक्यावरच लावा, मिनिटभरात पुसून लगेच पाण्याने धुवा. व्हिनेगरही अ‍ॅसिडच आहे, सौम्य असलं तरी मुरवत ठेवायचं नाही. पोपडे सुटलेल्या जागी तर लावूच नका.

वाळवणं

ही पायरी लोक खाऊन टाकतात. गाडी धुतली, फडकं फिरवलं, कव्हर टाकलं, संपलं. पाणी मात्र क्लॅम्पखाली, नटांच्या खोबणीत, हेडलाइट रिंगच्या मागे बसलेलं असतं. कोरड्या फडक्याने घासू नका, टिपा. मग गाडी दहा मिनिटं चालवून आणा. वाऱ्याने आणि इंजिनच्या उष्णतेने अवघड जागा सुकतात. परत आल्यावर निथळलेलं पाणी पुन्हा टिपा.

ओल्या गाडीवर कव्हर टाकणं म्हणजे ओले कपडे पिशवीत भरून ठेवणं. ताडपत्री तर त्याहून वाईट, आतली वाफ बाहेर जायला जागाच नाही. कव्हर हवा खेळणारं घ्या आणि गाडी सुकल्यावरच टाका.

गंजाचे ठिपके

इथे फॉइल. तळहाताएवढा तुकडा चुरगाळून बोळा करा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यावर हलक्या हाताने छोट्या गोलात फिरवा. कुठली बाजू वर, याने फरक पडत नाही. थोड्याच वेळात करडी-तपकिरी राड तयार होते. पुसा, बघा, गरज असेल तर ताजा तुकडा घेऊन पुन्हा. फॉइल चालते कारण अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ आहे. ते गंज खरवडतं, क्रोमला ओरखडत नाही. जोर लावायची इच्छा होईल, पण हाताला फॉइलची सळसळ जाणवेल इतकाच दाब पुरे. आधी न दिसणाऱ्या जागी, सायलेन्सरच्या आतल्या बाजूला, करून बघा.

हट्टी गंजाला पितळी तारांचा मऊ ब्रश, तोही थेंबभर तेल लावून. काही जण सर्वांत बारीक स्टील वूल वापरतात. मी वापरत नाही. त्याचे लोखंडी कण छिद्रांत अडकतात आणि मुंबईच्या हवेत दोन दिवसांत तेच गंजतात. मग आपण काढला त्याहून जास्त गंज आपणच पेरलेला असतो.

ठिपका गेल्यावर तिथे टाचणीच्या टोकाएवढा काळा खळगा उरेल. तो जात नाही, कारण तिथे मुलामाच नाही. पूर्ण वाळवून त्यात पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडला की पाणी बाहेर राहतं. हसू नका, हँडलवर आणि लेग गार्डवर छान टिकतं. सायलेन्सरवर मात्र नाही, जळेल. पोपडा सुटला असेल तर नखाने उचकटू नका, कडा धारदार असतात, काचेसारख्या शिरतात.

रेनकोट चिकटला

जुलैतली ठरलेली घटना. सिग्नलला पाय खाली टेकवला, रेनकोटची पँट सायलेन्सरला लागली, वास आला आणि काळा डाग कायमचा. कायमचा नाही. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, पाइप कोमट व्हायला हवा, कडकडीत नाही. हातमोजा घालून लाकडी उलथन्याच्या कडेने किंवा आइस्क्रीमच्या काडीने प्लॅस्टिक सरकवत काढा. ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर, सुरी नाही.

उरलेला पातळ थर अ‍ॅसिटोनने निघतो. अ‍ॅसिटोनचं नेलपॉलिश रिमूव्हर चालेल, बाटलीवर वाचून घ्या, काहींत ते नसतं. आता मात्र पाइप पूर्ण थंड हवा, जागा मोकळी हवा आणि जवळपास सिगारेट, उदबत्ती, काहीही पेटतं नको. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतो. तो रंगावर आणि प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, टाकीचा रंग मऊ करतो.

पाइप निळा-पिवळा झालाय

इंजिनमधून निघणाऱ्या पाइपच्या वळणावर सोनेरी, जांभळा, निळा रंग येतो तो मळ नाही, उष्णतेने आलेला रंग आहे. हलका असेल तर पॉलिशने बराच कमी होतो. पण पुन्हा पुन्हा, भराभर येत असेल तर इंजिन जास्त तापतंय. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात असेल, कुठे हवा गळत असेल, किंवा ठिणगी पडायचं टायमिंग बिघडलं असेल. आधी ते दाखवा. काही जणांना तो रंग आवडतोही. मला आवडतो.

पॉलिश

धुतलेल्या, वाळलेल्या, गंज काढलेल्या क्रोमवरच. पॉलिशमध्ये अतिसूक्ष्म कण असतात, म्हणजे प्रत्येक वेळी नखभर का होईना आपण झिजवतोच. म्हणून वर्षातून दोनदा पुरे: एकदा पाडव्याला, एकदा पावसाळा संपल्यावर दसऱ्याला.

तुरीच्या दाण्याएवढं पॉलिश फडक्यावर घ्या, थेट पाइपवर ओतू नका. एका वेळी वीतभर भाग. हलक्या हाताने, पाइपच्या लांबीच्या दिशेने. पॉलिश धूसर झालं की स्वच्छ फडक्याने उतरवा, मग तिसऱ्या, एकदम कोरड्या फडक्याने शेवटचा हात. कडांना आणि कोपऱ्यांना कमी दाब द्या, मुलामा तिथेच पहिल्यांदा जातो. ड्रिलला बफ, म्हणजे पॉलिशची गोल कापडी चकती, लावून करायचं असेल तर डोळ्यांना चष्मा हवा आणि हात आधी एखाद्या टाकाऊ पाइपवर बसवा. नवख्याने हातानेच करावं, असं मला वाटतं. ड्रिलने क्षणात पिवळं निकल वर येतं.

पॉलिश, मेण, तेलाचा फवारा, यातलं काहीही ब्रेक डिस्कवर, टायरवर किंवा फूटरेस्टवर जाता कामा नये. त्या बाजूला काम करताना डिस्कवर जुनं फडकं टाकून ठेवा. चुकून डिस्कवर गेलंच तर ब्रेक क्लीनरने पुसा आणि रस्त्यावर काढण्याआधी हळू वेगात ब्रेक तपासा.

मेण

पॉलिश आणि मेण यांत बरेच जण गोंधळ करतात. पॉलिश काढतं, मेण चढवतं. ती सूक्ष्म छिद्रं बुजवायचं काम मेणाचं. पातळ थर, सुकू द्या, पुसा. एरवी महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. सायलेन्सरच्या तापणाऱ्या भागावर साधं मेण जळून डाग पडतो, तिथे फक्त स्वच्छ आणि कोरडं ठेवा, किंवा उष्णता सोसणारं मेण असेल तरच लावा.

गाडी पावसाळाभर उभीच राहणार असेल तर लेग गार्ड, रिम, मडगार्ड यांवर पेट्रोलियम जेलीचा पुसट हात द्या. ऑक्टोबरमध्ये शाम्पूने उतरवायचा. धूळ चिकटते, दिसायला वाईट दिसतं, पण गंज येत नाही. हँडलच्या मुठी, पॅडल आणि टायर यांच्या आसपास नको.

सायलेन्सरचं एक गुपित. एक लिटर पेट्रोल जळलं की धुरातून साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलं की ते वाफ होऊन उडून जातं. पण गिरगावातून चर्नी रोड स्टेशनपर्यंत जाऊन परत, एवढंच रोज चालवलं तर पाणी आतच साचतं आणि सायलेन्सर आतून कुजतो. बाहेरून कितीही पॉलिश करा. काही सायलेन्सरना तळाशी टाचणीएवढं भोक असतं, ते गळती नाही, पाणी जायला दिलेलं आहे. ते तारेने मोकळं करा, एम-सील लावून बुजवू नका. आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा.

मुलामा गेलाच तर

पिवळं निकल दिसतंय किंवा पोपडे निघालेत, तर कुठलंही पॉलिश क्रोम परत आणत नाही. बाटलीवर काही लिहिलेलं असो. पुन्हा मुलामा देणाऱ्याकडे जायचं. घरी करायचा हा उद्योग नाही, त्यात वापरली जाणारी क्रोमियमची संयुगं अत्यंत विषारी आणि कर्करोगकारक आहेत. प्लेटिंगवाल्याला दोन गोष्टी विचारा: जुनं क्रोम आणि निकल पूर्ण उतरवून, बफिंग करून मग चढवणार का, आणि क्रोमच्या आधी निकल देणार का. "डायरेक्ट क्रोम मारतो, स्वस्तात" असं म्हणाला तर पाइप उचला आणि निघा. स्वस्तातलं ते एक पावसाळाही काढत नाही. माझ्या सायलेन्सरच्या नशिबी शेवटी हेच आलं, अ‍ॅसिडने वाचवलेला अर्धा तास चांगलाच महाग पडला.

पाडव्याच्या सकाळी काही धुवायचं नाही. रात्रीचं दव बसलेलं असेल तर कोरडं फडकं, बस. हार बांधताना झेंडू तारेत ओवलेला असेल तर तार हँडलला लागू देऊ नका, दोऱ्यात ओवून घ्या. हळद-कुंकू टाकीच्या रंगावर आणि क्रोमवर ओलं लावण्यापेक्षा नंबर प्लेटवर लावा, देवाला चालतं. नारळ फोडायचा तर चाकापासून हातभर लांब, कारण नारळाच्या पाण्यातही क्षार असतात आणि ते वाळून चिकट डाग होतो. यात्रा संपवून दुपारी घरी आलात की हार लगेच काढा. दसऱ्याला बांधलेले झेंडू दिवाळीपर्यंत हँडलवर सडवत ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि तो ओला लगदा जिथे टेकतो नेमका तिथेच पहिला ठिपका येतो.